माहेरी गेलेला फॉलो-अप

"मॅडम, आपले पेशंट पळून गेले," डॉ. किंजल म्हणाली.

ती माझ्या ओपीडीच्या टेबलासमोर उभी होती आणि तिचा चेहरा इतका उतरला होता, की तपासायला आलेल्या बाईनंच तिला आपल्या बाटलीतलं पाणी पुढं केलं.

"पळून म्हणजे? कोण पळालं?"

"माझ्या थीसिसचे पेशंट. आता कोणीच नाही येत. फोन केला तर घरवाला उचलतो, बोलतो गावले गयी. दुसरीला केला, तेच. तिसरीला केला, तेच. मॅडम, एकसाथे सगळ्या गावाला कशा जातात? तिकडे काय मेळा आहे?"

मी कपाळावर हात मारला. मेळा नव्हता. त्या सगळ्यांना सातवा महिना लागला होता.

मी सुरतेत एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात गायनॅक शिकवते. मूळची धुळ्याकडची. नवऱ्याच्या बँकेच्या बदलीनं इथं आले आणि इथलीच होऊन बसले. किंजल ही माझी रेसिडेंट. रेसिडेंट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं एमएस करणारी मुलं. वॉर्ड त्यांचा, लेबर रूम त्यांची, नातेवाइकांच्या शिव्याही त्यांच्याच. ह्यातून उरलेल्या वेळात, म्हणजे मुळात नसलेल्याच वेळात, त्यांना एक संशोधन करून थीसिस लिहावा लागतो. थीसिसवर गाइडची सही लागते. सही नाही तर थीसिस नाही, थीसिस नाही तर परीक्षा नाही. तीन वर्षांची सगळी हमाली त्या एका सहीवर लटकलेली असते. किंजलचे वडील कामरेजकडं ऊस पिकवतात, घरातली ही पहिली डॉक्टर. परीक्षा हुकली तर अख्खी टर्म वाया आणि गावभर चौकशा.

तिचे गाइड होते आमचे विभागप्रमुख. त्यांना सगळे 'मोटा सर' म्हणतात, मी इथं मोठे सर म्हणते. मी को-गाइड. को-गाइड म्हणजे लग्नात अंतरपाट धरणारा माणूस. उभं राहायचं, बोलायचं नाही.

मी मात्र बोलले होते. तेच सांगते.

स्टडी साधी होती. आपल्याकडं गरोदर बायकांना रक्त कमी, हे काही नवं नाही. एका गटाला लोहाच्या गोळ्या द्यायच्या, दुसऱ्या गटाला शिरेतून लोहाची बाटली लावायची, आणि बाळंतपणाच्या वेळी कोणाचं रक्त किती वाढलं, कोणाला रक्तस्राव जास्त झाला, बाळाचं वजन किती, हे बघायचं. बाळंतपणापर्यंत पेशंटवर लक्ष ठेवण्याला आम्ही फॉलो-अप म्हणतो. सगळी स्टडी त्या फॉलो-अपवर उभी असते. शेवटच माहीत नसेल तर आधीच्या सगळ्या तपासण्या गेल्या पाण्यात.

आता पेशंट कुठल्या घ्यायच्या? सरांनी ठरवलं, सुरतेच्याच उधना भागातल्या, उधन्याच्या. आणि फक्त पहिलटकरणी. "पॉप्युलेशन होमोजिनियस पाहिजे, मॅडम," असं ते म्हणाले. म्हणजे सगळ्या एकसारख्या: एकाच भागात राहणाऱ्या, नवरे लूमवर कापड विणणारे, आणि गाव खानदेशात.

मीटिंगमध्ये मी हात वर केला. "सर, पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. सातव्यात ओटी भरली की चालली नंदुरबारला. तुमची डिलिव्हरी इथं होणारच नाही."

सर हसले. ते हसले की मला आधीच राग येतो.

"पाटील मॅडम, वो सब पुराना जमाना था. आजकल कोई नहीं जाता. मेरी बहू गई क्या?"

सरांच्या सुनेचं माहेर त्यांच्याच सोसायटीत, समोरच्या विंगमध्ये. ती गेली असती तरी सरांना बाल्कनीतून दिसली असती. पण हे मीटिंगमध्ये कसं बोलणार?

मग स्टडी एथिक्स कमिटीपुढं गेली. ही कमिटी पेशंटवर अन्याय होत नाही ना, हे बघते. त्या दिवशी खमण छान होतं. कमिटीनं बराच वेळ संमतिपत्रकाच्या मार्जिनवर चर्चा केली. मराठी संमतिपत्रक कोणीतरी कॉम्प्युटरकडून करून आणलं होतं, त्यात 'वितरणाच्या वेळी आपले रक्त तपासले जाईल' असं छापलेलं. डिलिव्हरीचं वितरण! मी ते दुरुस्त करून दिलं, सगळ्यांनी माझं कौतुक केलं, आणि माहेरचा मुद्दा खमणाबरोबर संपला.

पहिल्या पेशंटला बाटली लावली तेव्हा सर स्वतः आले. फोटोग्राफर घेऊन. ज्योती नावाची उधन्याची मुलगी होती, विशीतली, सहावा सरत आलेला, बाकीच्या तिच्याहून पुढच्या दिवसांच्या. हाताला सुई, कपाळाला मोठं कुंकू, आणि शेजारी सर, तिच्या डोक्यावर हात ठेवून. ती लाजून हसली. फोटोला तिची परवानगी कोणी विचारली असेल तर निदान माझ्या कानावर आलं नाही.

आणि आता ही किंजल माझ्यापुढं उभी. फॉलो-अप माहेरी गेलेला.

"रडू नकोस," मी म्हटलं. "फोन कर. माहेरचे नंबर काढ."

तिनं केले. पुढचे दोन महिने ड्युटी संपल्यावर कॉरिडॉरच्या खिडकीत बसून ती फोन लावायची. ही गुजरातीत सुरू करणार, पलीकडून अहिराणी येणार. एकदा मी शेजारी होते.

"ज्योतीबेन के हस्बंड? नहीं? अच्छा, मनीषाबेन के? मनीषाबेन को बच्चा हुआ?"

"ती माहेरले गयी."

"हां, वो मालूम है. बच्चा हुआ क्या?"

"माले काय माहीत?"

"आप बाप है ना?"

"मी लूमवर शे, बेन. सव्वा महिना व्हयना का येई ती. तव्हय इचारा तिलेच."

किंजलनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "मॅडम, बापाला पण डेटा नाही."

मी खो खो हसले. तीही हसली, पण मग पुन्हा तिचे डोळे भरून आले. काही माहेरं लागली, बरीच नाही लागली. कुठं रेंज नाही, कुठं नंबरच बदललेला. ज्योतीचा तर नवऱ्याचाही नंबर बंद. खोलीवर जाऊन बघितलं तर तिथं दुसरंच बिऱ्हाड. "गयी व्हई गावले," शेजारीण म्हणाली.

हे सगळं चालू असताना मोठे सर अहमदाबादला एका वर्कशॉपला जाऊन आले. माझा अनुभव असा, की सर वर्कशॉपहून आले की विभागाला आठवडाभर ताप येतो. ह्या वेळी ते एक शब्द शिकून आले होते: इम्प्युटेशन.

हे वाचकांना नीट सांगायला हवं, कारण शब्द वाईट नाही. संशोधनात काही माहिती हरवते. तेव्हा संख्याशास्त्रातला जाणकार बाकीच्या माहितीवरून त्या जागी काय असू शकेल ह्याचा हिशेबी अंदाज बांधतो, आणि 'हा अंदाज आहे' असं उघड लिहितो. पंगतीत एक-दोघं यायचे राहिले तर त्यांची पानं अंदाजानं वाढून ठेवतात, तसं. सरांनी अख्खी पंगतच अंदाजानं जेवू घालायचं ठरवलं.

त्यांनी किंजलला केबिनमध्ये बोलावलं. मीही गेले, मला बोलावलं नव्हतं तरी.

"देख बेटा," सर म्हणाले, "जे पेशंट गेले ते गेले. त्यांना आपण इम्प्युट करू. बाटलीवाल्यांचं रक्त चांगलं वाढलं, गोळीवाल्यांचं थोडं कमी. ब्लीडिंग बाटलीवाल्यांना नाही. बाळ सगळे हेल्दी. ये सायंटिफिक मेथड है."

"सर, पण मला माहीत नाही त्यांचं काय झालं," किंजल म्हणाली.

"म्हणून तर इम्प्युट करायचं! माहीत असतं तर लिहिलं असतं."

ह्यावर काय बोलणार? मी बोललेच. "सर, अंदाज अंदाज म्हणून लिहायचा असतो. तुम्ही तर बायकांना बाळंत करताय."

"मॅडम, कॉन्फरन्सला पोस्टर जाणार आहे. नॅशनल लेव्हल. त्यात 'लॉस्ट टू फॉलो-अप' लिहिलं तर लोक हसतील."

"मग हसू देत की! खरं आहे ते."

"तुम्ही मराठी लोक फार सीरियस," सर म्हणाले आणि किंजलकडं वळले. "पोस्टर पहले, साइन बाद में. समझी?"

समजली. तिला आधीपासूनच समजलं होतं. बाहेर आल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"मी नाही लिहिणार, मॅडम. जे बाळ मी बघितलंच नाही, त्याचं वजन मी कसं लिहू?"

"नको लिहूस."

"पण सही?"

 को-गाइडची सही एकटी चालत नाही. मी तिला कॅन्टीनमध्ये नेलं, समोर बसवलं आणि लोचो खायला घातला. दुसरं काय करणार? ती अर्धा खाऊन उठली. लेबर रूममधून बोलावणं आलं होतं.

तिनं लिहिलं नाही. सरांनी लिहिलं. एका दुपारी लॅपटॉप घेऊन बसले आणि चहा संपेपर्यंत सगळ्या बायका मोकळ्या केल्या. ना कळा, ना टाके, ना आरडाओरडा. इतकं सुखरूप बाळंतपण मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं नाही.

पोस्टर छापून आलं तेव्हा ते माझ्यापेक्षा उंच होतं. वर सरांचं नाव, खाली किंजलचं, कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं. मी माझं नाव काढायला सांगितलं, तर छपाई झाली म्हणाले. मधोमध ज्योतीचा तो फोटो. डोक्यावर सरांचा हात. खाली इंग्रजीत लिहिलेलं: स्टडीतली पहिली माता, पूर्ण दिवसांनी नॉर्मल डिलिव्हरी, रक्तस्राव नाही, निरोगी मुलगा.

सरांच्या डोक्यात होतं, की कॉन्फरन्सच्या आधी पोस्टर घरच्या घरीच एकदा गाजवायचं. त्यासाठी त्यांनी विभागात थीसिस रिव्ह्यू ठेवला आणि पुण्याहून एक ज्येष्ठ मॅडम बोलावल्या. त्या रिटायर झालेल्या, पण परीक्षक म्हणून सगळीकडं फिरणाऱ्या. सडपातळ, सुती साडी, पायात बूट. त्यांच्याबद्दल ऐकून होते, की त्या चहा घेत नाहीत आणि टाळ्या वाजवत नाहीत. सरांनी पोस्टर लेबर रूमच्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये स्टँडवर लावलं. जागा मोठी आणि उजेड चांगला, म्हणून. शेजारी फुलांची कुंडीही आली.

किंजल पोस्टरपाशी उभी राहिली, पांढऱ्या कोटात, हात मागं बांधून. रेसिडेंटची सगळी गर्दी आजूबाजूला. मी मागच्या रांगेत, दात ओठ खात.

पुण्याच्या मॅडमनी चष्मा लावून पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं. मग मराठीतच विचारलं, "किंजल, सगळ्या उधन्याच्या? सगळ्या पहिलटकरणी?"

"हो मॅडम."

"आणि एकही सुटली नाही? सगळ्यांचा फॉलो-अप मिळाला?"

सर पुढं झाले. "मॅडम, हमारा फॉलो-अप सिस्टिम बहुत स्ट्राँग..."

"मी तिला विचारतेय."

किंजलनं सरांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मान हलवली की नाही, मला आठवत नाही.  ह्या मुलीनं आता तोंड उघडलं की तिची परीक्षा गेली, हे तिथं उभ्या प्रत्येकाला कळत होतं.

"नाही मॅडम," ती म्हणाली.  "बहुतेक सुटल्या. माहेरी गेल्या. त्यांचं काय झालं ते मला नाही माहीत."



"शी इज नर्व्हस," सर हसत म्हणाले. "रात्री ड्युटी केलीय. भाषेचा पण प्रॉब्लेम. सुटल्या म्हणजे, मॅडम, बाळंत होऊन सुटल्या."

मी पुढं सरकले. म्हटलं, आज काय व्हायचं ते होऊ दे, पण ही मुलगी एकटी पडता कामा नये. तेवढ्यात कॉरिडॉरच्या दाराशी गलका झाला.

एक म्हातारी आत आली. नऊवारी, डोक्यावर पदर, एका हातात पिशवी, आणि दुसऱ्या हातानं सुनेला धरलेलं. सून दोन पावलं चालत होती, थांबून भिंत धरत होती, पुन्हा चालत होती. कळा सुरू झालेल्या. नर्स तिला लेबर रूमकडं आणत होती आणि वाटेत पोस्टर, कुंडी आणि आम्ही सगळे.

"सरका, सरका!" मी ओरडले. गर्दी बाजूला झाली. म्हातारी पोस्टरसमोर आली आणि थबकली.

"वं माय! हाई ते आपली ज्योती शे!"

सुनेनं मान वर केली. तिनं आधी स्वतःचा फोटो बघितला. मग किंजलला. "किंजलताई," ती म्हणाली आणि कळ आली म्हणून पुन्हा वाकली.

किंजल धावली. तिनं ज्योतीचा दंड धरला. "ज्योतीबेन! तुम्ही गावाला नाही गेल्या?"

ज्योतीला बोलवेना. सासूनंच सांगितलं. नवऱ्याला सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावातल्या एका कारखान्यात काम लागलं. सातव्यात खोली बदलायची गडबड, ओटी भरायची राहून गेली. आठव्यात तर पोरीला गाडीत बसवतच नाहीत. आणि नवव्यात एवढा प्रवास कसा करायचा? मग राहिली इथंच. आज कळा लागल्या, तशी तिनं हट्टच धरला, बाटली लावणाऱ्या ताईकडंच जायचं म्हणून.

आठव्यात पाठवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. माझ्या सासूनं मलाही नव्हतं पाठवलं. सरांच्या लॅपटॉपला तो आठवा ठाऊक नव्हता.

म्हातारीचं लक्ष अजून फोटोवर होतं. माणसाचं एवढं मोठं चित्र तिनं बहुधा फक्त निवडणुकीत पाहिलं असावं. तिनं पुण्याच्या मॅडमना विचारलं, कारण त्या गर्दीत साडीतल्या त्याच तेवढ्या मोठ्या वयाच्या. "बाई, खाल काय लिखेल शे?"

पुण्याच्या मॅडमनी पुन्हा चष्मा लावला. खालची ओळ वाचली. मग एकदा ज्योतीच्या पोटाकडं बघितलं.

"आजी, असं लिहिलंय, की तुमची सून बाळंत झाली."

"कव्हय?"

"ते नाही लिहिलेलं. पण झाली. नॉर्मल. मुलगा झाला."

म्हातारीनं सुनेच्या पोटावर हात ठेवला, अगदी खात्री करून घ्यावी तसा. "मंग हाई पोट कसानं शे?"

कोणी हसलं नाही. एक रेसिडेंट खोकला. सरांनी खिशातून रुमाल काढला, कुंडीकडं बघितलं आणि रुमाल परत ठेवला. माझ्या मनात काय काय आलं ते छापण्यासारखं नाही, पण त्या म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं हे खरं.

"किंजल," पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, "पोस्टर राहू दे. पेशंट बघ."

इथं मस्करी संपली. ज्योतीचं रक्त आम्ही लगेच तपासलं आणि आकडा फारच खाली निघाला. तिला बाटल्यांचा पूर्ण कोर्स मिळालाच नव्हता. फोटोतली ती पहिली बाटली, तेवढीच. पुढच्या बाटल्यांच्या वेळी ती सचिनला होती. पोस्टरवर तिचं रक्त भरपूर होतं, अंगात नव्हतं. रक्तपेढीला फोन केला. दोन्ही हातांना सलाइन लावून ठेवलं.

बाळंतपण किंजलनं केलं. बाळ व्यवस्थित आलं, रडलं. पण बाळंतपणानंतर गर्भाशय आवळून घट्ट व्हावं लागतं, तरच रक्त थांबतं. ज्योतीचं आवळेना. ज्याला आम्ही पीपीएच म्हणतो, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, तो सुरू झाला. चादर भिजली, खालचं भांडं भरायला लागलं. आधीच रक्त कमी असलेल्या बाईचं एवढं रक्त जाणं म्हणजे काय, हे सांगायला नको. किंजलनं पोटावरून गर्भाशय चोळायला घेतलं, दुसऱ्या बाजूनं इंजेक्शनं चालू, मी आतून दाबून धरलेलं, नर्स रक्ताची पिशवी घेऊन पळत आली. ज्योतीचे ओठ पांढरे पडले होते. "किंजलताई, मना हात धरा," असं ती पुटपुटत होती, आणि किंजलचे दोन्ही हात कामात. "मी इथंच आहे, ज्योतीबेन, इथंच आहे," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मला भीती वाटली. इतक्या वर्षांनंतरही वाटते, आणि ज्याला वाटत नाही त्यानं लेबर रूममध्ये येऊ नये.

मग हळूहळू गर्भाशय हाताला टणक लागलं. रक्त ओसरलं. किंजलनं कोपरानं कपाळ पुसलं आणि शेवटी ज्योतीचा हात धरला.

मी दार उघडून बाहेर आले. सर आणि पुण्याच्या मॅडम दोघंही बाहेर उभे. पोस्टर अजून तिथंच.

"शुं आव्युं?" सरांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"मुलगी," मी म्हटलं. "आणि पीपीएच. वाचली, थोडक्यात."

सरांनी पोस्टरकडं बघितलं. रक्तस्राव नाही, निरोगी मुलगा. दोन्ही चूक.

पुण्याच्या मॅडम पोस्टरजवळ गेल्या आणि बाळांच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. "डॉक्टर, मघाशी मला एक विचारायचं राहिलं. तुम्ही अंदाजानं ज्या बायका बाळंत केल्यात, त्यांना जवळजवळ सगळे मुलगेच झालेत. हे कसं?"

सर वाकून तो रकाना वाचायला लागले.

"अंदाजच करायचा होता तर निम्म्या मुली करायला काय हरकत होती? ह्याला तर काही खर्चही नव्हता."

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पोस्टर मी रागानं वाचलं होतं, त्यामुळं नीट वाचलंच नव्हतं. चहा पिता पिता, कोणी बघत नसताना, कोणी मागत नसताना, एका शिकल्यासवरल्या प्रसूतितज्ज्ञानं कागदावर ओळीनं मुलगे जन्माला घातले होते. त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. मला वाटतं, सगळ्या स्टडीत खरा निष्कर्ष तेवढाच निघाला.

पोस्टर त्याच संध्याकाळी गुंडाळलं. सरांनी ते 'टेक्निकल कारणासाठी' मागं घेतलं. पुण्याच्या मॅडम ट्रेन पकडायच्या आधी सरांच्या केबिनमध्ये बसल्या, दार लावून. आत काय झालं ते मला माहीत नाही. बाहेर येताना मात्र त्यांनी किंजलला सांगितलं, "जे मिळालं ते लिही. जे नाही मिळालं ते नाही मिळालं म्हणून लिही. का नाही मिळालं, हे सगळ्यात आधी लिही. गाइड सही करतील. मी फोन करून विचारणार आहे."

किंजलनं तसंच केलं. लसीकरणाच्या खोलीबाहेर ती जाऊन बसायला लागली. सव्वा महिना झाला की सासरी परतलेल्या बायका बाळाला टोचायला तिथंच यायच्या. नवरा म्हणाला होता तसं तिनं त्यांनाच विचारलं. काही भेटल्या, काही नाही. शेवटी थीसिसमध्ये लिहिलं, की गोळी बरी की बाटली हे ह्या अभ्यासावरून सांगता येत नाही, पण उधन्याची पहिलटकरीण सातव्यात कुठं जाते हे नक्की सांगता येतं. सरांनी सही केली. पेन दोनदा झटकून, पण केली. परीक्षेत बाहेरचे परीक्षक ते पान वाचून हसले आणि म्हणाले, "आमच्याकडंही हेच होतं, कोणी लिहीत नाही." पास झाली पोरगी.

मोठे सर आता वर्कशॉपमध्ये व्याख्यान देतात. विषय: संशोधनातील प्रामाणिकपणा. ऐकणारे सांगतात, फार तळमळीनं बोलतात. आमच्या विभागात नव्या स्टडीत पेशंट घेताना आता पहिला प्रश्न असतो, "माहेर कुठलं?" हा बदल सरांनीच सुचवला, असं ते स्वतः सांगतात. मी हात टेकले आहेत.

ज्योतीचं राहिलं. तिला सुट्टी देताना किंजलनं विचारलं होतं, "फॉलो-अपला कधी याल?"

"आता माहेरी जाते, ताई. सव्वा महिन्यानं येते."

किंजलनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, जाऊ दे तिला. गोळ्यांची पाकिटं दिली, नंदुरबारच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली, आणि ह्या वेळी माहेरचा नंबरही घेतला.

आणि ती आली. सांगितल्याप्रमाणे. गालांवर रंग आलेला, कडेवर टोपडं घातलेली पोर, मागं सासू, आणि सासूच्या पिशवीत किंजलसाठी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे खानदेशी पापड. किंजलनं पोरीला उचलून घेतलं, वजनकाट्यावर ठेवलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. खरा आकडा. 

तेवढ्यात कॉरिडॉरमधून मोठे सर राउंडला चालले होते. आम्हाला बघून त्यांनी पावलं भराभर उचलली. ज्योतीनंच हाक मारली. तिच्या मनात काही नव्हतं, वाकडं तर मुळीच नव्हतं. तिनं पोरीला नीट पुढं धरलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हसून म्हणाली, "सर, फोटो काढा ना. आता झाले मी बाळंत."